कॅल्शिअम ऑक्साईडच्या सूत्रातला २ जातो, मग सोडिअम पेरॉक्साईडच्या सूत्रातला का राहतो?

प्रश्न : नववीची विज्ञान शिक्षिका

सप्रेम नमस्कार.

मी नववीला विज्ञान शिकवते. मूलके (प्रभार असलेले अणू किंवा अणुगट), त्यांच्या संयुजा (त्या प्रभारांच्या संख्या) आणि त्यांवरून रासायनिक सूत्रे लिहिणे हा भाग सध्या वर्गात चालू आहे. आम्ही तिरकस गुणाकाराची नेहमीची पद्धत वापरतो, म्हणजे आम्लारिधर्मी मूलक डावीकडे, आम्लधर्मी मूलक उजवीकडे, प्रत्येकाखाली त्याची संयुजा आणि मग बाणांनी आकड्यांची अदलाबदल. (येथे मी संज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आणि अणूंची संख्या संज्ञेनंतर देते.) या पद्धतीने कॅल्शिअम आणि ऑक्साईड यांचे सूत्र प्रथम सीए२ओ२ असे येते, आणि दोन्ही आकड्यांना २ ने भागून आपण ते सीएओ असे लिहितो.

वर्गातील एका मुलीने शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकातून दोन सूत्रे उतरवून आणली आहेत : सोडिअम पेरॉक्साईड, म्हणजे एनए२ओ२, आणि मर्क्युरस क्लोराईड, म्हणजे एचजी२सीएल२. येथेही दोन्ही आकड्यांना २ ने भाग जातो, मग ही सूत्रे एनएओ आणि एचजीसीएल अशी का लिहीत नाहीत, असे तिने विचारले. हे अपवाद आहेत एवढे सांगून तिची बोळवण करणे मला पटत नाही, कारण नियम कशासाठी आहे हे कळल्याशिवाय अपवाद कोणता हे मुलांनी ओळखायचे तरी कसे? याशिवाय एनएसीएल म्हटले की सोडिअम आणि क्लोरीन यांची हातात हात घातलेली एक जोडी मुलांच्या डोळ्यांसमोर येते. ते चित्र ठेवावे की बदलावे, यावरही जाणकारांनी लिहावे.

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, रसायनशास्त्र

बाई, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचे उत्तर अपवादाच्या खात्यात टाकण्याची मुळीच गरज नाही. ही दोन्ही सूत्रे नियमातच बसतात. अट एवढीच की नियम नेमका कशाचा आहे हे आधी स्पष्ट झाले पाहिजे.

आपण ज्यांना मूलके म्हणता त्यांनाच मी येथे आयन म्हणतो. आयनिक संयुगाच्या सूत्रामागे दोनच गोष्टी असतात. पहिली ही, की पदार्थ एकंदरीत विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, म्हणून सर्व धन आयनांच्या प्रभारांची बेरीज सर्व ऋण आयनांच्या प्रभारांच्या बेरजेइतकी असावी लागते. दुसरी ही, की ही बेरीज जुळवणारे आयनांचे लहानात लहान पूर्ण प्रमाण आपण सूत्रात लिहितो. येथे 'आयनांचे' हा शब्द महत्त्वाचा आहे. जे प्रमाण आपण लहान करतो ते आयनांच्या संख्यांचे असते, अणूंच्या संख्यांचे नव्हे. एका आयनाच्या पोटात जे अणू सहसंयुज बंधांनी, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन, एकत्र बांधलेले असतात त्यांची संख्या हा त्या आयनाच्या रचनेचा भाग असतो, आणि तिला भागण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता कॅल्शिअम ऑक्साईड पाहा. कॅल्शिअमच्या आयनावर २+ प्रभार आहे आणि ऑक्साईडवर २−. एकास एक घेतले की हिशेब मिटतो. सीए२ओ२ लिहिले तर त्यातील दोन ऑक्सिजन हे दोन स्वतंत्र ऑक्साईड आयन आहेत, त्यांच्यात कोणताही बंध नाही, म्हणून दोन-दोनचे एक-एक करता येते. सोडिअम पेरॉक्साईडमध्ये मात्र दोन ऑक्सिजन अणू एकमेकांशी बंधाने जोडलेले असून त्या दोघांवर मिळून २− प्रभार आहे, आणि हा पेरॉक्साईड नावाचा एकच आयन आहे. त्याला सोडिअमचे १+ प्रभाराचे दोन आयन लागतात. म्हणजे आयनांचे प्रमाण दोनास एक असे आहे, दोनास दोन नव्हेच, आणि दोनास एक याला आणखी लहान करता येत नाही. अंतरे पाहिली तरी हा फरक डोळ्यांत भरतो. पेरॉक्साईड आयनातील दोन ऑक्सिजन सुमारे ०.१५ नॅनोमीटर अंतरावर असतात, तर कॅल्शिअम ऑक्साईडच्या स्फटिकात जवळात जवळचे दोन ऑक्साईड आयन सुमारे ०.३४ नॅनोमीटर अंतरावर असतात.

मर्क्युरस क्लोराईडमध्ये हीच गोष्ट धन आयनाच्या बाजूला घडते. तेथे पाऱ्याचे दोन अणू एकमेकांशी बांधलेले असतात आणि त्या जोडीवर मिळून २+ प्रभार असतो. पाऱ्याचा १+ प्रभाराचा सुटा आयन असता, तर त्यात एक विजोड इलेक्ट्रॉन राहिला असता आणि चुंबकीय मापनात तो दिसला असता. प्रत्यक्षात तसे दिसत नाही, आणि क्ष-किरणांनी स्फटिक तपासल्यावर पाऱ्याच्या जोड्याच आढळतात. सोडिअम ऑक्झलेटचे एनए२सी२ओ४ हे सूत्रही एनएसीओ२ असे लिहीत नाहीत, याचे कारणही हेच आहे. अमोनिअम नायट्रेटमधील दोन नायट्रोजन आपण एकत्र मोजत नाही, कारण एक अमोनिअममध्ये आहे आणि दुसरा नायट्रेटमध्ये. त्याचे सूत्र एनएच४एनओ३ असेच राहते.

आपल्या विद्यार्थिनीला आणखी एक गोष्ट अवश्य सांगा, तिला ती आवडेल असे मला वाटते. पुरेशा ऑक्सिजनमध्ये लिथिअम जाळले तर मुख्यतः साधे ऑक्साईड, एलआय२ओ, मिळते. सोडिअम जाळले तर मुख्यतः पेरॉक्साईड, एनए२ओ२, मिळते. पोटॅशिअम जाळले तर केओ२ हे सुपरऑक्साईड मिळते, ज्यात ऑक्सिजनच्या जोडीवर मिळून १− एवढाच प्रभार असतो. तिन्ही धातूंची संयुजा १ च आहे, बदलला आहे तो ऋण आयन. धातूचा आयन आकाराने मोठा होत जातो तसतसा तो मोठ्या ऋण आयनाला स्फटिकात अधिक चांगला सामावून घेतो, असे याचे थोडक्यात कारण आहे. केवळ 'धातू अधिक ऑक्सिजन' एवढ्या माहितीवरून सूत्र ठरत नाही, ऋण आयन कोणता आहे हे कळावे लागते.

जोडीच्या चित्राबद्दल माझे मत ठाम आहे : ते बदलावे. मायकेल फॅरडे यांनी १८३४ साली विद्युत अपघटनाच्या संदर्भात 'आयन' हा शब्द रूढ केला, पण घन मिठात नेमके काय असते हे समजण्यासाठी १९१३ साल उजाडावे लागले. ब्रॅग पिता-पुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाचा स्फटिक तपासला, तेव्हा त्यात एनएसीएलचा सुटा रेणू कोठेच सापडला नाही. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराईड आणि प्रत्येक क्लोराईडभोवती सहा सोडिअम, अशी रचना तिन्ही दिशांना पसरलेली आढळली. एखादा विशिष्ट क्लोराईड हा एखाद्या विशिष्ट सोडिअमचा, असे म्हणायला तेथे जागाच नाही. हे स्वीकारणे सर्वांना सोपे गेले नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९२७ साली 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून, बुद्धिबळाच्या पटासारख्या या मांडणीला कडाडून विरोध केला होता. म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांना जी अडचण येते ती एके काळी नामवंत रसायनशास्त्रज्ञालाही आली होती.

स्फटिकातील शेजाऱ्यांच्या संख्येवरूनही सूत्र मिळते, आणि ते वर्गात दाखवण्यासारखे आहे. कॅल्शिअम फ्लोराईडमध्ये प्रत्येक कॅल्शिअमभोवती ८ फ्लोराईड असतात आणि प्रत्येक फ्लोराईडभोवती ४ कॅल्शिअम. फ्लोराईडचे शेजारी निम्मे आहेत, म्हणून फ्लोराईडची संख्या दुप्पट आहे, आणि सूत्र सीएएफ२ येते. तेच २+ आणि १− हे प्रभार घेऊन मांडले तरी उत्तर बदलत नाही.

उत्तर २ : उरणकर

प्राध्यापकसाहेबांनी घन पदार्थाचे सांगितले, मी पाण्याचे सांगतो, कारण मिठागरात हा सगळा प्रकार उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळतो.

समुद्राच्या पाण्यात 'मीठ' विरघळलेले आहे असे आपण म्हणतो, पण त्या पाण्यात सोडिअम क्लोराईड, मॅग्नेशिअम क्लोराईड, कॅल्शिअम सल्फेट अशी वेगवेगळी संयुगे नसतात. असतात ते आयन, आणि बहुतांशी स्वतंत्रपणे फिरणारे. एक किलो समुद्रजलात सरासरी ४६९ मिलिमोल (मिलिमोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक आहे) सोडिअम, ५३ मॅग्नेशिअम, १० कॅल्शिअम आणि १० पोटॅशिअम असते. ऋण बाजूला ५४६ मिलिमोल क्लोराईड आणि २८ सल्फेट असते. आता मुलांना प्रभार मोजायला सांगावे. धन बाजू : ४६९, अधिक दोनदा ५३, अधिक दोनदा १०, अधिक १०, म्हणजे ६०५. ऋण बाजू : ५४६, अधिक दोनदा २८, म्हणजे ६०२. उरलेला थोडा फरक बायकार्बोनेट, ब्रोमाईड असे कमी प्रमाणातील आयन भरून काढतात. अख्ख्या समुद्रात कोणी कोणाची जोडी लावलेली नाही, तरी हिशेब तंतोतंत मिटतो. संयुजेची संख्या पाठ करून घेण्यापूर्वी ही बेरीज करून घेतली तर प्रभारांचा तोल म्हणजे काय हे मुलांना कळेल, असे मला मनापासून वाटते.

जोड्या ठरतात त्या पाणी आटताना. मिठागराच्या आधीच्या वाफ्यांत पाणी दाट होऊ लागले की प्रथम थोडे कॅल्शिअम कार्बोनेट आणि त्यामागून जिप्सम, म्हणजे दोन पाण्याच्या रेणूंसह कॅल्शिअम सल्फेट, तळाशी बसते, कारण त्याची विद्राव्यता कमी आहे. पाणी सुमारे २५ अंश बोमेपर्यंत (बोमे हे द्रवाचा दाटपणा मोजण्याचे माप आहे) दाट झाले की मिठाचे स्फटिक पडू लागतात. मॅग्नेशिअमचे क्षार सर्वांत शेवटपर्यंत पाण्यात राहतात, म्हणून मीठ ओढून घेतल्यावर उरलेले कडवट पाणी वेळीच काढून टाकावे लागते. ते नीट निथळले नाही, तर एमजीसीएल२ मिठाच्या दाण्यांना चिकटून राहते. पावसाळ्यात जाड्या मिठाला पाणी सुटते ते बरेचसे त्याच्यामुळे, कारण मॅग्नेशिअम क्लोराईड हवेतील ओलावा जोराने ओढते.

कोणता धन आयन कोणत्या ऋण आयनाबरोबर घनरूपात बाहेर पडेल हे विद्राव्यतेवर ठरते. बाहेर पडताना त्यांचे प्रमाण किती असेल हे मात्र प्रभारांवर ठरते. सूत्र लिहिण्याच्या पाठात या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. 'आयन मोजायचे, आयनाच्या आतले अणू मोजायचे नाहीत' हे मी उद्याच वर्गात सांगणार आहे, आणि समुद्राच्या पाण्याची बेरीज फळ्यावर करून घेणार आहे.

पण त्यामागचा एक प्रश्न उरतोच. मॅग्नेशिअमचा प्रभार २+ च का? अष्टक, म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचातील आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण करण्यासाठी तो दोन इलेक्ट्रॉन देतो, असे आम्ही शिकवतो. एकच इलेक्ट्रॉन देऊन एमजीसीएल का तयार होत नाही, असे कोणी विचारले तर 'अष्टक पूर्ण व्हायला हवे' हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण अणूला काही हवे असते असे म्हणणे म्हणजे कारण सांगणे नव्हे.

उत्तर ३ : स्फटिकशास्त्राचा अभ्यासक

मॅडम, तुमची शंका रास्त आहे. इलेक्ट्रॉन देण्यात कोणत्याही धातूला 'आनंद' नसतो, इलेक्ट्रॉन काढायला नेहमी ऊर्जा मोजावीच लागते. आधी सोप्या उदाहरणाचा, मिठाचा, हिशेब मांडतो. सर्व आकडे एका मोलसाठी किलोज्यूलमध्ये आहेत.

घन सोडिअमचे वायुरूप अणू करायला १०७ लागतात. क्लोरीनच्या रेणूतून एक मोल अणू सुटे करायला १२२ लागतात. सोडिअमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ लागतात. क्लोरीनने तो इलेक्ट्रॉन घेतला की ३४९ परत मिळतात. येथपर्यंत आपण ३७६ ने तोट्यातच आहोत. म्हणजे केवळ इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीने आणि दोघांचे अष्टक पूर्ण होण्याने मीठ तयार झाले असते, असे म्हणता येत नाही. तोटा भरून निघतो तो पुढच्या पायरीवर, जेव्हा हे सुटे आयन एकत्र येऊन स्फटिक बनतात आणि ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. ३७६ वजा ७८७ म्हणजे उणे ४११, आणि मूलद्रव्यांपासून मीठ तयार होताना प्रत्यक्ष मोजलेली ऊर्जाही तेवढीच आहे. हा हिशेब मांडण्याची रीत माक्स बोर्न आणि फ्रिट्झ हाबर यांच्या नावाने ओळखली जाते, आणि ती १९१९ सालची आहे.

आता मॅग्नेशिअम. त्याचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ७३८, दुसरा काढायला १४५१ आणि तिसरा काढायला ७७३३ किलोज्यूल लागतात. पहिल्यावर थांबणे स्वस्त दिसते खरे, पण १+ प्रभाराच्या आयनाचा स्फटिक सैल बांधला जातो आणि त्यातून मिळणारी ऊर्जा कमी असते. मॅग्नेशिअम २+ झाला, तर एमजीसीएल२ चा स्फटिक बनताना सुमारे २५०० किलोज्यूल मिळतात, आणि दुसऱ्या इलेक्ट्रॉनचा खर्च त्यातून निघून वर शिल्लक राहते. म्हणूनच कागदावर एमजीसीएलचा स्फटिक मांडला, तर तो मूलद्रव्यांच्या तुलनेत कदाचित टिकेल असे दिसते, पण त्याच्या दोन भागांचे एक भाग एमजीसीएल२ आणि एक भाग मॅग्नेशिअम धातू यांत रूपांतर होण्यात अधिक फायदा आहे, म्हणून तो नेहमीच्या परिस्थितीत टिकत नाही. तिसरा इलेक्ट्रॉन मात्र आतल्या भरलेल्या कवचातून काढावा लागतो, आणि ७७३३ चा तो भार कोणत्याही क्लोराईड स्फटिकाच्या ऊर्जेतून फिटणारा नाही.

अष्टकाचा नियम उपयोगी आहे, कारण खर्च एकदम कोठे वाढतो ती जागा तो नेमकी दाखवतो. पण कारण ऊर्जेच्या जमाखर्चात आहे. नववीत हे सर्व आकडे देऊ नयेत. तरी मॅग्नेशिअमचे तीन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहून मुलांना काही न सांगता पाहू द्यावेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यामधली उडी त्यांना आपोआप दिसते.

लोहासारख्या धातूंत अशी एकच ठळक उडी नसते, म्हणून त्याचे २+ आणि ३+ असे दोन्ही आयन आढळतात आणि नावात ते सांगावे लागते. मॅग्नेटाईट या खनिजात तर दोन्ही एकत्र नांदतात. त्याचे सूत्र एफई३ओ४ आहे. एक लोह आयन २+ आणि दोन ३+, मिळून ८ धन, आणि चार ऑक्साईडचे मिळून ८ ऋण.

उत्तर ४ : दहावीचे शिक्षक

वरील सर्व विवेचन मान्य करून एक व्यावहारिक गोष्ट मांडतो. तिरकस गुणाकार टाकून देऊ नये. परीक्षेत मुलांना वेळ कमी असतो, आणि दोन प्रकारच्या आयनांचे संयुग असेल तेथे ही रीत पटकन आणि बरोबर उत्तर देते. मात्र ती प्रभारांचा तोल साधण्याची जवळची वाट आहे, हे तिच्याबरोबरच शिकवावे. मी त्यासाठी दरवर्षी तुरटी घेतो. तुरटीत पोटॅशिअमचा १+, ॲल्युमिनिअमचा ३+ आणि सल्फेटचा २− असे तीन प्रकारचे आयन आहेत, आणि बाण कोठून कोठे काढायचा हेच मुलांना समजत नाही. तोल साधायला सांगितले की लगेच समजते : १ आणि ३ मिळून ४, त्यासाठी दोन सल्फेट लागतात. शेवटी स्फटिकजलाचे बारा रेणू जोडायचे. पाण्याचा रेणू उदासीन असल्यामुळे तो प्रभारांच्या हिशेबात येत नाही, हेही येथेच सांगून होते. मोरचुदातील पाच आणि हिराकसातील सात रेणू मग वेगळे समजावून द्यावे लागत नाहीत.

कंसाचा मुद्दाही येथेच निकालात निघतो. अनेक अणूंचा आयन एकापेक्षा अधिक वेळा घ्यायचा असेल तरच कंस द्यायचा. चुन्याच्या निवळीत दोन हायड्रॉक्साईड आहेत, म्हणून सीए(ओएच)२. कंस गाळून सीएओएच२ लिहिले, तर २ हा आकडा एकट्या हायड्रोजनला लागतो, ऑक्सिजन एकच उरतो आणि प्रभार जुळत नाहीत. कॉस्टिक सोड्यात हायड्रॉक्साईड एकच आहे, म्हणून एनएओएच, कंस नाही. ॲल्युमिनिअम सल्फेट, एएल२(एसओ४)३, लिहून झाल्यावर मी मुलांना उलट तपासणी करायला लावतो : दोनदा ३ म्हणजे ६, तीनदा २ म्हणजे ६. उत्तरपत्रिकेत सूत्राशेजारी ही ओळ पेन्सिलीने लिहिण्याची सवय लागली, की एएल३(एसओ४)२ अशी उलटापालट मुले स्वतःच पकडतात.